खोबऱ्याचा भाव

प्रशांत महासागरातल्या सामोआ बेटांवर १९०४ साली एक कंपनी निघू घातली होती. भागधारक म्हणजे गावोगावची माणसे, भांडवल म्हणजे त्यांची वर्गणी, आणि हेतू एवढाच की सामोआच्या माणसाने आपले खोबरे आपण विकावे. त्या वर्षी खोबऱ्याचा भाव पडला होता. आपिया बंदरातला गोरा व्यापारी सांगेल तो आकडा आणि त्याच्याच दुकानातला तराजू, अशी व्यवहाराची रीत होती. कंपनीचे नाव 'ओलोआ'. आपली दुकाने, आपली गलबते आणि परदेशच्या गिऱ्हाइकाशी थेट सौदा, असे तिचे मनसुबे होते.

बेटांवर तेव्हा जर्मनीचे राज्य होते. १ मार्च १९०० रोजी आपियात जर्मन झेंडा चढला होता. गव्हर्नर होता विल्हेल्म सोल्फ. हा गृहस्थ आपल्याकडच्या वाचकाला चकित करील असा. तो संस्कृतचा पंडित होता, बिल्हणाच्या 'चौरपंचाशिके'च्या काश्मिरी पाठावर त्याने प्रबंध लिहिला होता आणि कलकत्त्याच्या जर्मन वकिलातीत नोकरीही केली होती. सामोअन भाषा, चालीरीती, मानपान यांची त्याला उत्तम जाण होती. पण ओलोआ पाहिल्यावर त्याच्यातला पंडित मागे सरला आणि वसाहतीचा कारभारी पुढे आला. सामोअन लोक म्हणजे लहान मुले, त्यांना सांभाळायचे असते, व्यापार त्यांच्या हाती द्यायचा नसतो, ही त्याची पक्की समजूत होती. त्याने कंपनी मोडली, पुढाऱ्यांना तुरुंगात टाकले आणि १९०५ मध्ये मुलिनूऊ इथली सामोअन सरदारांची राज्यव्यवस्थाच गुंडाळली. ओलोआच्या पाठीराख्यांत लाउआकी नामुलाऊउलू मामोए हा सवाईई बेटावरचा नामांकित वक्ता होता. पुढे १९०९ मध्ये त्याला हद्दपार करून साईपान बेटावर पाठवले गेले. १९१५ साली घरी परतताना वाटेतच, तारावा बेटावर, तो वारला.

खोबऱ्याच्या भावासाठी एवढा गदारोळ का, हे कळायला आणखी मागे जावे लागते. हॅम्बुर्गच्या गोडेफ्रॉय पेढीने १८५० च्या दशकात आपियात ठाण मांडले. त्याआधीपासून बेटांवर तेल गावातच निघत असे. किसलेले खोबरे उन्हात ठेवून पाझरणारे तेल गोळा करायचे आणि पिंपांत भरायचे. ख्रिस्ती मिशनला लोक वर्गणीसुद्धा तेलाच्या रूपात देत. गोडेफ्रॉयच्या थिओडोर वेबर नावाच्या व्यवस्थापकाच्या डोक्यातून एक युक्ती निघाली. तेल न्यायचे कशाला? खोबरे वाळवून पोत्यांत भरा, युरोपात न्या आणि तिथल्या गिरणीत पिळा. तेल साबणाला जाते आणि उरलेली पेंड जर्मनीच्या गाईंना. वेबरची ही युक्ती पाहता पाहता सगळ्या प्रशांत महासागरात पसरली.

हिशेब साधा होता. तेल काढण्याचे काम, म्हणजे ज्यात मालाची किंमत वाढते ते काम, गावातून उठून हॅम्बुर्गला गेले. गावाकडे उरले नारळ सोलणे, फोडणे आणि वाळवणे. गोडेफ्रॉय पेढी १८७९ मध्ये बुडाली आणि तिच्या जागी नवी जर्मन कंपनी आली, तरी हा हिशेब बदलला नाही. उलट सोल्फने १९०० मध्ये हुकूमच काढला की प्रत्येक कुटुंबप्रमुखाने दरसाल पन्नास माड लावलेच पाहिजेत.

एक गोष्ट मात्र युरोपीय मळेवाल्यांना कधी साधली नाही. सामोआचा माणूस त्यांच्या मळ्यावर मजुरीला गेला नाही. त्याची जमीन त्याच्याकडे होती. आजही देशातली सुमारे ८० टक्के जमीन कुळांच्या, म्हणजे 'ऐगां'च्या मालकीची आहे आणि ती विकता येत नाही. घरचा अळूसारखा तारो, घरचे फणसासारखे ब्रेडफ्रूट आणि समुद्रातली मासळी असताना दुसऱ्याच्या मळ्यात राबायचे कशाला? म्हणून मळेवाल्यांनी चीनमधून आणि मेलानेशियातून करारावर मजूर आणले. त्या मजुरांचे हाल हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. इथे लक्षात घ्यायचे ते हे की भाव पसंत नसेल तर सामोआचे गाव खोबरे विकायला सरळ नकार देऊ शकत असे. उपास पडणार नव्हता.

आता बायकांकडे वळू. इतक्या सगळ्या प्रकरणात त्यांचे नाव कुठे आले नाही, कारण कागदोपत्री ते नव्हतेच. व्यापारी बोलायचा तो कुळाच्या 'मताई'शी, म्हणजे पदवीधारी प्रमुखाशी, आणि मताई बहुतेक पुरुष. पण सामोआत बायकांची स्वतःची एक संपत्ती होती आणि तिला खोबऱ्यापेक्षा मान मोठा होता. ती म्हणजे चटई. चटई हा शब्द तिला शोभत नाही, पण दुसरा आपल्याकडे नाही. केवड्याच्या जातीतल्या झाडाची पाने उकळायची, समुद्राच्या पाण्यात भिजवायची, उन्हात वाळवायची आणि मग नखाने चिरून दोऱ्याइतक्या बारीक पट्ट्या करायच्या. त्या विणायला महिनोन्महिने, मोठी असेल तर वर्षही लागते. उत्तम 'इए तोगा' हातात घेतली तर रेशमासारखी सुळकन घसरते. कडेला लाल पिसांची झालर असते. लग्न, मयत, मताईची पदवी, देवळाचे उद्घाटन, यांपैकी काहीही चटयांच्या देवाणघेवाणीशिवाय पार पडत नाही. खून झाला तर खुन्याच्या घरचे लोक पीडिताच्या दारात डोक्यावरून ही चटई घेऊन बसतात. आतल्यांनी ती उचलली की सूड टळला. एवढे वजन ज्या वस्तूला, ती बायकांच्या हातची.

पहिल्या महायुद्धात बेटे न्यूझीलंडने घेतली. १९१८ च्या नोव्हेंबरात 'तालुने' नावाची बोट ऑकलंडहून आपियाला लागली. बोटीवर इन्फ्लुएंझाचे रोगी होते आणि कुणी विलगीकरण केले नाही. सामोआची पाचव्या हिश्श्याहून जास्त माणसे, सुमारे ८,५००, दोन महिन्यांत गेली. शेजारच्या अमेरिकन सामोआने बंदर बंद ठेवले होते; तिथे एकही मेला नाही. न्यूझीलंडने याची माफी मागितली ती २००२ मध्ये.

या पार्श्वभूमीवर १९२३ मध्ये जॉर्ज रिचर्डसन प्रशासक म्हणून आला. त्याच्या काळात गावोगाव महिला समित्या उभ्या राहिल्या. बाळंतपण, मुलांचे आरोग्य, गावाची स्वच्छता ही त्यांची कामे, आणि ती त्यांनी चोख केली. पण त्याच रिचर्डसनला सामोआ सुधारायचे होते, आणि चटयांची देवाणघेवाण त्याला वेळेची नासाडी वाटत होती. त्याने ती बंद पाडायला घेतली. घरातल्या बाईची वर्षाची मेहनत ज्या दिवशी सगळ्या गावासमोर मांडली जाते, तो दिवसच त्याने बेकायदा ठरवला. जे पुढारी विरोध करत त्यांना हद्दपार करणे, त्यांच्या पदव्या काढून घेणे हा दुसरा उद्योग. शिवाय सरकारने खोबऱ्याच्या खरेदीविक्रीतही हात घातला.

यातून 'माऊ' चळवळ पेटली. तिच्या पुढाऱ्यांत ओलाफ नेल्सन होता, स्वीडिश बापाचा आणि सामोअन आईचा मुलगा आणि बेटांवरचा सर्वांत धनवान व्यापारी. सरकारी योजनेने त्याच्या धंद्यावर गदा येत होती, हे खरेच. न्यूझीलंडचे अधिकारी म्हणत की माऊ म्हणजे नेल्सनच्या नफ्याचे आंदोलन. हा आरोप अर्धा खरा आणि पुरता चुकीचा होता. नेल्सनला १९२८ मध्ये बेटांबाहेर काढले तरी चळवळ थांबली नाही. लोकांनी कर भरले नाहीत, गोऱ्या दुकानांवर बहिष्कार टाकला, मुलांना सरकारी शाळांतून काढले. पांढऱ्या पट्टीची निळी लाव्हालाव्हा, म्हणजे कमरेला गुंडाळायचे वस्त्र, हा त्यांचा गणवेश. खोबरे काढणेही अनेक ठिकाणी थांबले. त्याच सुमारास आपल्याकडे बारडोली गाजत होती, हे वाचकाला सहज आठवेल. पण सामोआने हा मार्ग आपल्या आपण काढला होता. ओलोआचा धडा त्यांच्या लक्षात होता.

२८ डिसेंबर १९२९. हद्दपारीतून परतणाऱ्या पुढाऱ्याच्या स्वागताला आपियात मिरवणूक निघाली. पोलिसांनी गोळीबार केला. माऊचा प्रमुख तुपुआ तामासेसे लेआलोफी तिसरा पुढे होऊन लोकांना शांत राहायला सांगत होता, तेव्हा त्याला गोळी लागली. दुसऱ्या दिवशी तो गेला. गोळीबाराचा तो दिवस सामोआत 'काळा शनिवार' म्हणून ओळखला जातो. सरकारने युद्धनौका बोलावली, खलाशी उतरवले आणि पुरुष जंगलात पांगले. कित्येक आठवडे ते रानात लपले होते.

मग रस्त्यावर कोण उरले? बायका. १९३० मध्ये महिला माऊ उभी राहिली. तामासेसेची 'आला' नावाची विधवा, नेल्सनची पत्नी रोझाबेल, पाइसामी तुइमालेआलीइफानो आणि फाआमुसामी फाऊमुइना या तिच्या पुढारी. हजारो बायका गणवेशात मिरवणुकीने फिरत, सभा घेत. ज्यांना रिचर्डसनच्या काळात स्वच्छता आणि बालसंगोपनासाठी संघटित केले होते त्याच गावोगावच्या बायका, तीच त्यांची बैठकीची सवय, आणि आता विषय राज्याचा. प्रशासनाने त्यांची हेटाळणी केली, त्यांच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवले. गोळी मात्र घालता आली नाही. १९३५ मध्ये न्यूझीलंडात मजूर पक्ष सत्तेवर आला, तेव्हा कुठे समझोता झाला.

सामोआ १ जानेवारी १९६२ रोजी स्वतंत्र झाला, प्रशांत महासागरातल्या बेटांपैकी पहिला. नव्या देशात मत जवळजवळ फक्त मताईंना होते. ज्या बायकांनी १९३० मध्ये चळवळ जिवंत ठेवली, त्यांच्यातल्या बहुतेकींना पुढची जवळजवळ तीस वर्षे मतदान करता आले नाही. सार्वत्रिक मतदानाचा कौल १९९० च्या सार्वमतात लागला. मधल्या काळातले अर्थकारण थोडक्यात सांगता येते. खोबरे, कोको, तारो आणि केळी बाहेर जायची, आणि माणसे न्यूझीलंडला जायची. ऑकलंडच्या कारखान्यांतून येणाऱ्या पैशावर गावे तरली.

१९९० च्या फेब्रुवारीत 'ओफा' वादळाने बेटे झोडपली. १९९१ च्या डिसेंबरात 'व्हाल' आले, ते त्याहून भयानक. १९९३ मध्ये तारोच्या पानांवर करपा पडला आणि देशाची मुख्य निर्यात वर्षभरात जवळजवळ शून्यावर आली. गावातल्या घराला रोख पैसा देणारे एकही पीक उरले नाही.

१९९१ हे साल इथे थांबून पाहण्यासारखे आहे, कारण त्या एका वर्षात सामोआतल्या बायकांपुढे दोन वेगळ्या वाटा उघडल्या. पहिली वाट याझाकी या जपानी कंपनीची. मोटारींच्या विजेच्या तारांच्या जुड्या बनवणारा तिचा कारखाना ऑस्ट्रेलियातून सामोआत आला. कामगार मुख्यतः बायका आणि मुली. भरभराटीच्या काळात तिथे दोन हजारांहून जास्त लोक कामाला होते. एवढा मोठा खासगी मालक देशात दुसरा नव्हता. तयार माल ऑस्ट्रेलियातल्या मोटार कारखान्यांना जायचा. दर पंधरवड्याला पगार हातात पडे, ही गावच्या मुलीला लहान गोष्ट नव्हती.

दुसरी वाट आपियातल्या काही व्यावसायिक बायकांनी काढली. आदिमाइमालागा ताफुनाई आणि तिच्या सोबतिणींनी शहरातल्या उद्योजक बायकांसाठी एक संस्था काढली, जी पुढे 'विमेन इन बिझनेस डेव्हलपमेंट' म्हणून नावारूपाला आली. पण वादळांनंतर गावे पाहिल्यावर त्यांचा रोख बदलला. शहरातल्या बाईला कर्ज मिळवायला मदत करणे ठीक. पण गावातल्या बाईकडे माड होते, जमीन होती, हातात कला होती आणि खिशात दमडी नव्हती. संस्थेने मग हाती घेतल्या त्या दोनच जुन्या वस्तू, चटई आणि नारळ.

चटई तोवर बिघडली होती. समारंभ वाढले, मागणी वाढली, आणि बायका जाड पट्टीची, घाईत उरकलेली चटई विणू लागल्या. संख्या मोजायची सवय लागल्यावर बारीक काम कोण करणार? जुनी 'इए साए' म्हणजे अतिबारीक चटई विणणाऱ्या म्हाताऱ्या मोजक्याच उरल्या होत्या. संस्थेने त्यांना शोधून काढले, तरुण मुलींना त्यांच्या हाताखाली बसवले आणि पैशाची एक शहाणी सोय केली. चटई पुरी व्हायला महिने लागतात, तेवढा काळ विणकरीण काय खाणार? म्हणून जे कुटुंब चटई घेणार, त्याने तिला काम चालू असतानाच आठवड्याच्या आठवड्याला थोडे थोडे पैसे द्यायचे. यातली बरीच गिऱ्हाइके परदेशात राहणारे सामोअनच. रिचर्डसनला जी वेळेची नासाडी वाटली होती, तिच्यावर आता घर चालू लागले. २०१९ मध्ये युनेस्कोने ही विणकला मानवजातीच्या वारशात नोंदवली.

नारळाची गोष्ट जास्त रंजक आहे. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या डॅन एथरिंग्टन नावाच्या कृषी अर्थशास्त्रज्ञाने हाताने चालणारा एक छोटा तेलघाणा बनवला होता. नव्वदच्या दशकात संस्थेने तो गावात आणला. पद्धत पाहण्यासारखी आहे. ताजा नारळ फोडून कीस काढायचा. तो एका लांब, सपाट पत्र्यावर पसरायचा. पत्र्याखाली करवंट्या आणि सोडणे जळत असतात. हाताने सतत परतत राहायचे. ओलावा फार उरला तर तेल खवट होते, फार गेला तर निघतच नाही. ते जाणायला यंत्र नाही, बोटेच. कीस हाताला बरोबर लागला की लोखंडी नळकांड्यात ठासायचा आणि लांब दांड्यावर अंगाचा भार टाकून दाबायचा. पाण्यासारखे स्वच्छ तेल खाली गळू लागते. नारळ फोडल्यापासून हे सगळे तासाभरात होते. धुरात वाळवलेल्या खोबऱ्याच्या तेलाला गिरणीत रंग आणि वास काढून टाकावा लागतो. या तेलाला ताज्या नारळाचाच वास असतो, आणि म्हणून सौंदर्यप्रसाधनांच्या बाजारात त्याला कितीतरी जास्त भाव. उरलेली पेंड घरच्या डुकरांना आणि कोंबड्यांना.

वेबरने तेल काढण्याचे जे काम गावातून उचलून हॅम्बुर्गला नेले होते, ते सव्वाशे वर्षांनी असे परत आले. न्याय्य व्यापार म्हणजे बाटलीवरचा शिक्का, अशी आपली समजूत असते. शिक्का लागतो खरा, पण तो शेवटी. आधी किंमत वाढवणारे काम कुठे होते आणि ते कोणाच्या हातात आहे, याचा निकाल लागावा लागतो. सामोआतल्या बायकांना हे पुस्तकात वाचावे लागले नाही.

शिक्क्याचे कामही सोपे नव्हते. सेंद्रिय प्रमाणपत्र हवे तर प्रत्येक कुटुंबाच्या जमिनीची नोंद, तणनाशक वापरले नाही याची खात्री, शेजाऱ्याने फवारले तर काय याचे उत्तर आणि दरवर्षी तपासणी. मालकी कुळाची, कसणारे अनेक, नकाशे तोंडी. अशा ठिकाणी कागद उभा करणे म्हणजे वर्षानुवर्षांची पायपीट. संस्थेच्या बायकांनी ती केली. २००८ मध्ये ब्रिटनच्या 'बॉडी शॉप' या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने त्यांचे तेल घ्यायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी, २९ सप्टेंबर २००९ रोजी, सुनामीने उपोलू बेटाचा दक्षिण किनारा धुऊन नेला. २०१२ च्या डिसेंबरात 'इव्हान' वादळ आले. माड तरीही उभे राहतात. नारळाला एवढा एक गुण आहेच.

जागतिक व्यापाराचे नियम या काळात कसे चालले, याचा एक मासला सांगितल्याशिवाय राहवत नाही. सामोआत अमेरिकेतून टर्कीच्या शेपट्यांची आयात होई. तिथले लोक फेकून देतात तो चरबीने लडबडलेला भाग इथे स्वस्तात मिळे, आणि लठ्ठपणा, मधुमेह वाढू लागले. सामोआने २००७ मध्ये ही आयात बंद केली. पण २०१२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत प्रवेश मिळवताना बंदी उठवण्याची अट मान्य करावी लागली. बेटांवरच्या बाईने आपले तेल विकायला प्रमाणपत्रांचे गठ्ठे जमवायचे, आणि तिच्या स्वयंपाकघरात शेपट्या यायला मात्र रस्ता मोकळा. मुक्त व्यापार कोणासाठी मुक्त असतो, ते यातून दिसते.

पहिल्या वाटेचे पुढे काय झाले? ऑस्ट्रेलियात मोटारी बनणे बंद झाले आणि २०१७ मध्ये याझाकीने सामोआतला कारखाना बंद केला. शेवटच्या सुमारे साडेसातशे कामगारांना घरी जावे लागले. मेलबर्नमध्ये मोटार बनणार की नाही, यावर सामोआतल्या बाईचा पगार अवलंबून होता. निर्णय झाला तेव्हा तिला विचारण्याचा प्रश्नच नव्हता. दुसरी वाटही धोक्यापासून मुक्त नाही. बॉडी शॉप २००६ मध्ये लॉरेआलकडे, २०१७ मध्ये ब्राझीलच्या नातुराकडे आणि २०२३ च्या अखेरीस एका गुंतवणूक कंपनीकडे गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटनमधला त्याचा कारभार दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या हाती आला. मोठे गिऱ्हाईक कितीही भले असले तरी त्याचे मालक बदलतात. फरक एवढाच की तारांच्या जुडीला मोटारीशिवाय गिऱ्हाईक नसते. तेल दुसऱ्याला विकता येते, आणि अगदी कुणी घेतले नाही तरी नारळ, जमीन आणि घाणा जागेवर राहतात.

सामोआत २०२१ मध्ये फिआमे नाओमी माताआफा ही पहिली महिला पंतप्रधान झाली. खासदारांत दहा टक्के तरी बायका असाव्यात, यासाठी २०१३ मध्ये घटना बदलावी लागली होती, यावरून वाट किती लांबची होती ते दिसते. ताफुनाई आणि तिच्या सोबतिणींचे मोल कमी नाही. पण सामोआतल्या गावकरणीला आज नारळाचा जो काही बरा भाव मिळतो, त्याचे श्रेय वाटायला बसलो तर ब्रिटनच्या दुकानाला मी शेवटी बसवीन. पहिला मान ओलोआसाठी तुरुंगात गेलेल्यांचा आणि दुसरा १९३० मध्ये पुरुष रानात असताना रस्त्यावर उतरलेल्या बायकांचा. जमीन त्यांनी हातची जाऊ दिली नाही. बाकी सगळा सौदा त्यानंतरचा.